वाढत्या अंगाची रॅकेट

मी शिंपी आहे, आणि माझ्याच घरात कुणाला कपडे नीट बसत नाहीत. गिऱ्हाइकाचं माप सुतभर इकडचं तिकडे होऊ देत नाही. लेकीचा फ्रॉक मात्र दोन वर्षं पुढचा शिवतो. बाह्या दुमडायच्या, कंबर आत घ्यायची, पोर वाढली की उसवायचं. वाढत्या अंगाचं घेणारा कधी फसत नाही, हे मी भेटेल त्याला ऐकवतो. बायको सोडून सगळे ऐकून घेतात.

लेक नऊ वर्षांची. पोहायला नको म्हणाली, धावायला नको म्हणाली, पण शाळेसमोर पॅडेलचं, त्या टेनिससारख्या नव्या खेळाचं, कोर्ट झालं आणि तिथून ती हलेना. काचेच्या भिंतीवर आपटून परत आलेला चेंडू मारला की खिदळायची. एरवी तोंड मिटून बसणाऱ्या पोरीचं ते हसणं ऐकायला मी दुकान सोडून जायचो. शिकवणाऱ्या ताईंची उसनी रॅकेट परत करायची वेळ आली, तेव्हा आम्ही तिघं नवी घ्यायला गेलो.

दुकानदाराने तीन काढून ठेवल्या. लेकीने त्यातली निळी, गोल, छोटी उचलली, हवेत दोनदा फिरवली आणि म्हणाली, "ही."

"नवशिक्या मुलांना हीच बरी," दुकानदार म्हणाला. "हलकी आहे, आतला फोम मऊ. मनगटाला त्रास नाही."

मी गळ्यातली टेप काढली. ती काढून ठेवून बाहेर पडायचं मला कधीच सुचत नाही. रॅकेट मोजली, लेकीचा हात मोजला आणि निकाल दिला, "वर्षभरात आखूड पडेल."

"साहेब, रॅकेट आखूड पडत नाही हो."

पंचवीस वर्षं मापं घेणाऱ्याला हा शिकवणार. मी भिंतीवरची मोठ्या माणसांची काळी रॅकेट उतरवायला लावली. टोकाकडे चांगलीच जड होती. जड म्हणजे टिकाऊ, हे माझं कापडावरून आलेलं शहाणपण.

"आणि तोवर काय?" बायकोने विचारलं. "रॅकेटला दुमड घालणार आहात?"

मी ऐकलं नाही. काळीच घेतली.

तीन आठवड्यांत खिदळणं बंद झालं. चौथ्यात लेक म्हणाली, "मला नाही खेळायचं." मी तिला चिकाटीवर तासभर व्याख्यान दिलं. जन्मात एकही खेळ न खेळलेल्या माणसाने दिलेलं ते व्याख्यान तिने मान खाली घालून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेच्या शर्टाच्या कफसाठी माप घेत होतो. उजवं मनगट डाव्यापेक्षा अर्धा इंच जास्त भरलं. परत मोजलं. तेवढंच. जरा दाबलं, तर तिने हात ओढून घेतला.

"कधीपासून दुखतंय?"

"नवी रॅकेट घेतल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, मोठी झाले की बसेल. मी मोठी व्हायची वाट बघत होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री लेकीच्या मनगटाला मलम लावताना बायकोने दुमडीचा तोच प्रश्न परत विचारला, आणि या वेळी मी तो मुकाट्याने ऐकून घेतला.

डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती संपली, सूज उतरली, तेव्हा परत त्याच दुकानात गेलो. दुकानदाराची नजर माझ्या गळ्याकडे गेली, तशी मी टेप खिशात कोंबली. लेकीने चार रॅकेट फिरवून पाहिल्या. जरा मोठी बघ, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तिने निळीच घेतली आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, ही पुढच्या वर्षी पुरेल?"

"नाही पुरली तर पुढच्या वर्षी बघू."

काळी आता मी वापरतो. माझी वाढ कधीच थांबली, पण रॅकेट मला अजून मोठीच पडते. दर रविवारी माझा चेंडू जाळीत जातो आणि पलीकडून लेक खिदळते.