बिगुलाच्या काठावरचे तिसरे नाव

मित्रांनो, मी पितळेचा आहे, जुना आहे, आणि मला स्वतःचा श्वास नाही. म्हणून माझी गोष्ट मधेमधे तुटेल. वाजवणारा दम घ्यायला थांबला की बिगुलाने गप्प बसायचे असते. तेव्हा तुम्हीही थांबा. पुढचा सूर येतो.

माझ्या तोंडाच्या काठावर सुरीच्या टोकाने कोरलेली नावे आहेत. बोट फिरवलेत तर हाताला लागतील. बाकी गोष्ट मला हाकांच्या क्रमानेच सांगता येते. दुसरा क्रम मला कोणी शिकवला नाही.

उठा

मिलानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेची नळी वाकवताना ती चेपू नये म्हणून तिच्यात वितळलेले शिसे ओततात. म्हणजे जन्मतः मी शिशाने गच्च भरलेला होतो. बंदुकीची गोळीही शिशाचीच असते. पण माझे शिसे त्यांनी तापवून बाहेर काढले. मी पोकळ झालो, आणि पोकळ झालो म्हणून वाजू लागलो.

मला बेर्साल्येरींच्या पलटणीत पाठवले. हे पायदळच, पण चालणारे नव्हे. डोक्यावर रानकोंबड्याच्या काळ्याभोर पिसांचा तुरा आणि पाय सदा धावते. कवायतीला धावत जायचे, जेवायला धावत जायचे, मिरवणुकीतही धावायचे आणि धावता धावता बिगूल वाजवायचा. ढोल आमच्याकडे नसे. ढोल गळ्यात घालून पळणार कोण? दुसऱ्या पलटणी आम्हांला कोंबड्या म्हणत. आमचे लोक रागावत नसत. ते तोवर पुढे निघून गेलेले असत.

माझा पहिला बिगुलवाला फेर्रुच्यो. बाप पाव भाजणारा, आणि ह्याचे गालही पावासारखे फुगलेले. पहिल्या महायुद्धात आम्ही कार्सोच्या पठारावर होतो. तिथे माती नाही, नुसता दगड. तोफेचा गोळा पडला की दगडच गोळीसारखे उडतात. एका दुपारी फेर्रुच्योने माझ्या काठावर आपले नाव कोरले. "हरवलास तर कोणाचा ते कळू दे," तो मला म्हणाला. मग 'पुढे चला'ची हाक द्यायचा हुकूम आला. तो उठला, धावत वाजवू लागला, आणि सूर मध्येच

(दम.)

माझ्या पोटावरचा पोचा तेव्हाचा आहे.

पुढे चला

दुसरा बिगुलवाला अमिल्कारे. समुद्रकाठचा, कोळ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात त्याच्याबरोबर मी आफ्रिकेच्या वाळवंटात गेलो. त्या वाळूत आम्हांला कोणी बोलावले नव्हते. आम्ही गेलो. तिथेही पोलादी शिरस्त्राणावर पिसांचा तुरा होताच. उन्हात तो असा चमके की शत्रूला दुर्बीण लागत नसे. पण तुरा काढा म्हटले तर आमचे लोक रुसून बसत.

अमिल्कारेने फेर्रुच्योचे नाव पाहिले. "वा! सोबत आहे म्हणायची," असे म्हणून त्याने खाली आपले नाव कोरले. एके दिवशी जखमींची गाडी मागे निघाली, तेव्हा त्याने मला गाडीच्या चालकाच्या हाती दिले. "येताना पाणी आण. तोवर ह्याला सांभाळ."

गाडी पाणी घेऊन परत गेली. त्या ठिकाणी कोणी नव्हते.

मित्रांनो, दोन नावे, आणि दोघेही घरी पोचले नाहीत. तेव्हापासून मला एकच भीती होती. मी अपशकुनी आहे का?

गप्प

मला इटलीला परत आणले. पो नदीच्या मैदानातल्या एका छावणीत मी एर्मेतेच्या हाती आलो. हा नदीपलीकडच्या टेकडीवरच्या गावचा. हसरा आणि बारीक. सोबती त्याला म्हणत, "नाव कोर की तुझं." तो म्हणे, "घरी पोचल्यावर कोरीन." मला ते फार बरे वाटे. मी त्याच्याकडे काहीच मागितले नाही, फक्त एवढेच, की ह्याने तरी घरी पोचावे.

मग त्रेचाळीस सालचा तो सप्टेंबर आला. रेडिओवर सांगितले की आपल्यापुरते युद्ध संपले. छावणीत लोक नाचले. दुसऱ्या सकाळी कालपर्यंतच्या मित्रांनी, म्हणजे जर्मनांनी, छावणीला वेढा घातला. जे सापडले त्यांना आगगाडीत कोंबून उत्तरेकडे नेले. एर्मेतेने मला सदऱ्याखाली दाबले, मागच्या भिंतीवरून उडी मारली आणि तो पळाला. पळणे तर त्याला येतच होते.

दोन-चार दिवस तो मक्याच्या शेतांतून लपत राहिला. शेवटी एका मळ्यात शिरला. मळा देल्मीनाचा. विधवा बाई, रुंद खांद्यांची, दारात कोयता घेऊन उभी.

"कोण रे तू?"

"मावशी, मी..."

"आधी डोक्यावरची पिसं काढ. कोंबडं समजून कापतील तुला. आत ये. बूट बाहेर."

तिने त्याची वर्दी चुलीत घातली आणि नवऱ्याचे कपडे काढले.

"तुझ्या आधी आलेले चांगलंचुंगलं घालून गेले. ही शेवटची विजार. आखूड होईल. हे काखेत काय?"

"बिगूल."

"विहिरीत टाक."

"नाही, मावशी."

"अरे, जीव मोठा की पितळ?"

"ह्याच्यावर दोन माणसं आहेत," एर्मेते म्हणाला आणि त्याने मला पुढे केले. देल्मीनाने बोट फिरवले. तिला वाचता येत होते, तरी तिने बराच वेळ लावला.

"पिपात घाल," ती म्हणाली. "द्राक्षांच्या तळाशी."

द्राक्षे तोडायचे दिवस होते. तिचा माल पूल ओलांडून वाइनच्या घाण्यावर जायचा, आणि घाणा एर्मेतेच्या गावच्या पायथ्याशी होता. बैलगाडीबरोबर मजूर म्हणून गेला तर तो घरी पोचणार होता. पण पुलावर पहारा होता. म्हणून आधी अंगणात तालीम झाली.

"चालून दाखव," देल्मीना म्हणाली.

एर्मेते चालला.

"हे चालणं? बैल मागे राहिले की!"

"हळूच चाललो, मावशी."

"हळू? मोरो बैल जन्मभर नांगर ओढतोय. त्याला विचार हळू कशाला म्हणतात."

"पाय ऐकत नाहीत हो माझे."

"ऐकत नाहीत? थांब." ती आत गेली आणि नवऱ्याचे लाकडी जोडे घेऊन आली. जाड तळाचे, जड, आणि त्याच्या पायांना भलतेच मोठे. पुढे तिने गवत कोंबले. "घाल. ह्यात सैतानालासुद्धा पळता यायचं नाही."

(दम.)

पुढचे मी पाहिलेले नाही, मित्रांनो. मी पिपाच्या तळाशी होतो, तोंडात द्राक्षे भरलेली. फक्त ऐकले. तसेच सांगतो.

बैलांचे खूर. चाकाची कुरकुर. लाकडी जोडे, खटक, खटक. मग पुलाच्या फळ्या.

"थांबा! कुठं निघालात?" आवाज इटालियन. नंतर कळले, तो काळ्या सदऱ्यातला फासिस्ट, जर्मनांबरोबर पहाऱ्याला उभा राहिलेला आपल्यातलाच एक.

"द्राक्षं घाण्यावर. वास येत नाही का?"

"हा कोण?"

"माझ्या दिराचा मुलगा. डोक्यानं मंद. खातो मात्र ह्या मोरोएवढं."

"तोंड नाही त्याला?"

"आहे ना. मक्याची पोलेंता वाढली की उघडतं."

पिपात काठी खुपसली गेली. ती माझ्या पाठीला लागून बाजूला सरकली. द्राक्षे दाट होती, मी वाजलो नाही.

"छावणीतले तुरेवाले ह्याच बाजूनं पळालेत," काळा सदरा म्हणाला. "त्यांना ओळखायची युक्ती आहे माझ्याकडे."

आणि त्याने शीळ घातली.

ती आमची धावायची हाक होती. ती शीळ म्हणजे मीच होतो, मित्रांनो. माझाच सूर परक्याच्या ओठांवर. बेर्साल्येरीच्या कानावर ती पडली की विचार मागून येतो, टाच आधी उचलते. रोज सकाळी त्यांच्या पायांत ती भरलेली असते. मला ठाऊक होते की एर्मेतेला आवरता येणार नाही. तिसराही माझ्यामुळेच जाणार होता.

खट.

धप्प!

बैल फुरफुरला. मग कोणीतरी हसले. जर्मन आधी हसला, मागून काळा सदराही.

"हा बेर्साल्येरी? ह्याला दोन पावलं धड टाकता येईनात! उचल गं बाई तुझं हे शेण. जा!"

"ऊठ रे मेल्या! आता विजार कोण धुणार? तुझा बाप?"

चाक फिरले. फळ्या संपल्या. पुन्हा लाकडी जोडे, खटक, खटक. मग देल्मीनाचा आवाज आला, दबका.

"पाय उचललासच ना, गाढवा?"

"उचलला, मावशी."

"दिसलं. जोडा उडून त्या बियांको बैलाच्या पोटावर बसला."

झाले होते ते असे. शीळ ऐकताच त्याचा उजवा पाय धावायला निघाला. जोडा सुटून उडाला, पाय एकटाच पुढे गेला, डावा जोडा आडवा आला, आणि माझा तिसरा बिगुलवाला मोरोच्या ताज्या शेणात पालथा पडला. आमच्या पलटणीच्या साऱ्या इतिहासात इतके सुंदर कोणी पडले नसेल.

थांबा

घाण्याच्या अलीकडे देल्मीनाने कोपरापर्यंत हात घालून मला वर काढले. एर्मेतेने हात पुढे केला. तिने मला दिले नाही.

"तुझ्या घराची झडती होणारच. हा माझ्याकडे राहू दे. सगळं संपलं की ये."

तो आईला भेटला आणि त्याच आठवड्यात इतर तरुणांबरोबर जर्मनांशी लढायला डोंगरात गेला, असे कानावर आले. मी गोठ्यात खिळ्याला टांगलेला राहिलो. द्राक्षांचा रस माझ्या आत सुकला आणि पितळ हिरवे पडले. रात्री एक कोंबडी माझ्यावर बसे. एकदा देल्मीनाने मला नरसाळे करून पाहिले. वाइन आत गेली ती अर्धीच बाहेर आली, आणि तीही हिरवी. "नालायक," ती म्हणाली, आणि मी परत खिळ्यावर.

पहिल्या हिवाळ्यात ती शेजारणींना पुलावरची गोष्ट रंगवून सांगे. दर वेळी एर्मेते थोडा अधिक उंचावरून पडे. दुसऱ्या हिवाळ्यात कोणीतरी येऊन सांगितले की टेकडीवरची पोरे पकडली गेली. सगळी का काही, ते त्याला माहीत नव्हते. त्यानंतर तिने ती गोष्ट सांगणे बंद केले. शेजारणीने विचारले तरी ती म्हणे, "विसरले बाई."

मी विसरलो नव्हतो.

रांग मोडा

वसंतात सगळ्या गावांच्या घंटा एकदम वाजल्या. युद्ध खरोखर संपले. रस्त्यावरून माणसे घरी जाताना दिसू लागली, पायी, सायकलवर, एकमेकांना धरून. मळ्याकडे कोणी वळले नाही. देल्मीना दारात काम काढून बसे. कधीही नीट न निवडलेला घेवडा ती निवडत असे.

आणि एका दुपारी पायांचा आवाज आला. अनवाणी पाय. धावणारे.

तिने घेवडा टाकून कोयता उचलला. "कोण पळतंय रे? आता पळायचं काय कारण?"

"सवय, मावशी!"

एर्मेते अंगणात शिरला. दाढी वाढलेली, हाडे दिसणारी, आणि दोन्ही हातांत एकेक लाकडी जोडा.

"तुझ्या नवऱ्याचे जोडे. परत आणलेत."

"एवढ्या उशिरा?"

"हे घालून निघालो असतो तर पुढच्या वर्षी पोचलो असतो."

देल्मीनाने एक जोडा घेतला, त्याच्या पाठीत घातला, मग तिथेच मातीत बसली आणि पदरासारखा एप्रन तोंडाला लावून रडली. तो शेजारी बसून राहिला. मी गोठ्यातून हे सगळे डोळ्यांनी पाहिले. ह्या वेळी माझ्या तोंडात द्राक्षे नव्हती.

मग त्याने मला राख आणि शिरक्याने धुतले. ओठ लावले, फुंकले. काही नाही. पुन्हा फुंकले. एक वाळलेले द्राक्षाचे बी सुटले आणि सरळ देल्मीनाच्या कपाळावर बसले.

"लागला म्हणायचा एकदाचा नेम पलटणीचा!" ती म्हणाली.

त्यानंतर सूर निघाला. त्याने धावायची हाक वाजवली नाही, 'पुढे चला'ही नाही. कवायत संपल्यावर देतात ती वाजवली. 'रांग मोडा.' सुट्टी झाली, आता ज्याने त्याने आपापल्या घरी जावे. फेर्रुच्यो आणि अमिल्कारे इतकी वर्षे माझ्या काठावर उभेच होते. त्यांनाही ती ऐकू गेली असेल, असे मला वाटले. छातीवरचे काहीतरी उतरले. मी अपशकुनी नव्हतो. मी फक्त युद्धात होतो.

"सुरी आण, मावशी. नाव कोरायचंय."

"कोर बाबा. कमावलंयस तू."

तिने मला धरून ठेवले आणि तो कोरू लागला. तिने वाकून पाहिले आणि ती ओरडली, "अरे! हे काय? मी कधी वाजवलाय हा? आणि मी पळणारी नाही, सांगून ठेवते!"

"म्हणून तर," एर्मेते म्हणाला. "हलू नकोस, नाव वाकडं येतंय."

आपले नाव त्याने देल्मीनाच्या नावाखाली कोरले, चौथे.

मित्रांनो, आता मी त्याच्या गावच्या वाद्यपथकाच्या खोलीत असतो. वर्षातून एकदा तुरेवाली म्हातारी माणसे जमतात आणि मला घेऊन चौकातून धावतात. धावतात म्हणजे काय, पण मोरोपेक्षा जोरात. एरवी धूळ बसते. तुम्हांला मला पुसावेसे वाटले तर जरूर पुसा, मऊ फडक्याने. नळीत ओल राहू देऊ नका. पण चकाकी आणायला घासू नका. घासले की मी नवा दिसेन आणि नावे झिजतील.

आधी बोट फिरवून पाहा. तिसरे नाव जरा वाकडे लागेल. कोरताना दोघेही हसत होते.