मागे घेतलेलं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांच्या टॉन्सिलला कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा मी आधी ह्यांचे खिसे तपासले. वीस वर्षांपूर्वी ह्यांनी गावी देवापुढे नारळ ठेवून तंबाखू सोडली होती. म्हटलं, चोरून खाल्लीच असणार. खिशात निघाली खडीसाखर. तरी मी बोरीवलीहून गावी फोन लावला आणि आबा गुरवांकडून देवाला गाऱ्हाणं घातलं, नवऱ्याने शपथ मोडली, पदरात घे. देवळात तेव्हा सभा भरलेली. अख्ख्या गावाने ऐकलं.

आठवड्याने रिपोर्ट आला. डॉक्टर रश्मी म्हणाल्या, "काका, ही गाठ विषाणूमुळे झालीय, तंबाखूने नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, बहुतेकांना कधीतरी लागून जातो. एखाद्याच्या घशात मुक्काम ठोकतो."

"ह्यांना कुठून लागला?" मी ह्यांच्याकडे रोखून बघितलं.

"काकू, तुमच्याकडूनही लागला असेल."

हे खोकला येईपर्यंत हसले.

मग डॉक्टरांनी समजावलं. पेशीच्या आत डीएनएचा धागा असतो. तो तुटला की सांधणारे कारागीरही आतच असतात. विषाणू त्यांच्या कामात घोळ घालतो. "पण तेच आपल्या पथ्यावर पडतं. किरणांनी आपण गाठीतले धागे तोडतो, तिला ते नीट सांधता येत नाहीत. हमी नाही देत, पण अशा गाठी सहसा किरणांना लवकर दाद देतात. सोमवारी सुरू करू."

हे कापड गिरणीत माग दुरुस्त करणारे फिटर होते. "म्हणजे आधी फिटर पळवायचे, मग माग मोडायचे. झकास!"

घरी आल्यावर मात्र चप्पल न काढता बसून राहिले. "मी सोमवारी जाणार नाही. गावात खोटा ठरलोय. आधी गाऱ्हाणं मागे घे."

"अवो, गाऱ्हाणं म्हणजे काय पार्सल आहे, परत मागवायला?"

"मग राहू दे गाठ."

रविवारी देवळात माणसं जमायच्या वेळी मी फोन लावला, स्पीकर चालू केला. आबांना सगळं सांगितलं, ह्यांचं फिटरांचं बोलणं आणि माझी चूकसुद्धा. त्यांनी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा! धोंडून शपथ पाळल्यान. बायकोन उगाच आळ घेतल्यान, तिका क्षमा कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजलं.

"त्या गाठीतले फिटर बांधून ठेव, आणि आमच्या धोंडूचे मोकळे ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

ह्या वेळी ह्यांचाही घोगरा आवाज त्यात होता. मग उठले आणि कपाटात फाइल शोधू लागले.

"उद्या किती वाजता निघूचा गो?"