धुलाईखोलीतली भिंत

डेस्मंड हॅलमने मला विचारलं नाही ते नाहीच. चाळीस वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत आले. घाबरट, शेळपट, मुखदुर्बळ, जे तोंडाला येईल ते. आणि तरी मेली त्याची आठवण रोज एकदा यायचीच. अहो, त्याने विचारलं असतं तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं असतं.

१९८५ साल. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला गालिच्यांच्या दुकानावर एक माडी होती, तिथे बसून आम्ही दोघं कॉम्प्युटरचे गेम लिहायचो. मालक सग्डेनसाहेब, पूर्वीचे लोकरीचे दलाल. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे, पण गिऱ्हाईक बरोबर कळायचं.

"हे बघा," ते एके सकाळी म्हणाले, "एका घरात स्पेक्ट्रमचा कॉम्प्युटर, शेजारच्या घरात कमोडोरचा, पलीकडे अ‍ॅमस्ट्रॅडचा. आपण लिहितो नुसतं स्पेक्ट्रमपुरतं. म्हणजे तिघांतली दोन गिऱ्हाइकं दुकानातून हात हलवत परत जातात. स्टेशनजवळच्या कंपनीने हेच केलं, ईस्टरला टाळं लागलं. डेस्मंडचा नवा गेम नाताळाआधी तिन्ही मशीनवर पाहिजे. नाहीतर चला तुम्ही दोघं खाली, गालिचे गुंडाळायला."

गेम होता विल्फचा. ब्लॅकपूलच्या एका हॉटेलातला हमाल, पाहुण्यांच्या हरवलेल्या वस्तू शोधत खोल्याखोल्यांतून हिंडणारा. एका वेळी एकच वस्तू उचलायची, असा नियम.

कमोडोरचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही मशीनची आतली भाषा वेगळी, त्यामुळे डेस्मंडने लिहिलेलं माझ्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं. मग तेव्हा सगळे करायचे तेच मी केलं. शेजारी स्पेक्ट्रम ठेवायचा, त्याचा गेम खेळायचा, दिसेल ते चौकटीच्या कागदावर उतरवायचं आणि आपल्या मशीनवर पहिल्यापासून उभं करायचं. त्रेसष्ट खोल्या होत्या.

"जसंच्या तसं कर हां," डेस्मंड म्हणाला. "चुका दिसल्या तरी."

"तुझ्या चुका मी कशाला डोक्यावर घेऊन नाचू?"

"आणि सगळीकडे जा. कोपरान् कोपरा बघ."

"मला शिकवतोस? हेझल म्हणतात मला!"

त्याचे कान लाल झाले. पण त्याचे कान कशानेही लाल व्हायचे, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

दर शुक्रवारी काम सुटलं की आम्ही कालव्याकाठच्या बाकावर बसून चिप्स खायचो. तळलेल्या बटाट्याच्या, गरम, कागदात गुंडाळलेल्या, वरून व्हिनेगर. दोघांत एकच पुडा. एकदा त्याने "हेझल..." म्हणून सुरुवात केली. मी हातातली चिप पुड्यात परत ठेवली. तर पठ्ठ्या म्हणतो, "मीठ कमी आहे." मीठ! घरी जाऊन उशीला गुद्दे मारले मी.

सहा आठवडे मान मोडून काम केलं. त्या गेममध्ये दोन गोष्टी मला खटकत होत्या. एक म्हणजे स्वयंपाकघरातला चिप्सचा पुडा. उचलला तर एकही गुण मिळत नव्हता, मग ठेवलाय कशाला? दुसरी गोष्ट धुलाईखोलीतली. कपडे पिळायच्या यंत्रामागे विल्फला भिंतीवर रेटलं की त्याचा अर्धा बूट भिंतीत घुसायचा आणि तिथेच अडकायचा. सरळसरळ चूक होती. मी भिंत लिंपली, चिप्स काढून टाकल्या आणि मशीनच्या मेमरीत वाचलेल्या जागेत एक झकास धून बसवली. डेस्मंडच्या गेमला धून नव्हती. जागाच उरली नाही म्हणायचा, आणि एवढी जागा खाल्ली कुणी म्हणून मी त्याला चिडवायचे.

शुक्रवारी बाकावर बसल्या बसल्या मी बातमी दिली. "तुझा गेम फुकटात दुरुस्त करून दिलाय. धुलाईखोलीतलं ते भगदाड लिंपून टाकलं. चिप्सही फेकल्या. हव्यात कुणाला?"

डेस्मंड खायचा थांबला. "सगळं बघून मग लिंपलंस?"

"बघितलं की. मी काय आंधळी आहे?"

"बरं," तो म्हणाला. मग बोटं पुसत, "सांगितलंस ते बरं केलंस." त्याने पुडा माझ्या मांडीवर ठेवला आणि बस आली म्हणून उठून गेला. बस आली नव्हती. मी एकटीने चिप्स संपवल्या.

गेमच्या तिन्ही कॅसेट नाताळाआधी दुकानांत लागल्या. अ‍ॅमस्ट्रॅडची साहेबांच्या जावयाने माझ्या गेमवरूनच बेतली होती. कंपनी तरली. जानेवारीत डेस्मंड स्कॉटलंडात डंडीला नोकरी धरून गेला. अजून नाताळाला कार्ड येतं, 'डेस्मंड आणि मॉयरा'. मी ते दरवर्षी इतर कार्डांच्या मागे ठेवते आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पुढे आणते.

गेल्या महिन्यात रॉचडेलच्या चर्चच्या हॉलमध्ये जुन्या मशीनच्या शौकिनांचा मेळावा होता. मला बोलावलं होतं. निगेल नावाचा एक पन्नाशीचा टकलू धावत आला.

"मॅडम, तुमची धून मला अजून पाठ आहे! पण ती चौसष्टावी खोली तुम्ही का गाळलीत हो?"

"कुठली चौसष्टावी?"

"स्पेक्ट्रमवरच आहे ती. आम्हाला आत्ता आत्ता सापडली. थांबा, दाखवतो."

त्याने मला खुर्चीत बसवलं. विल्फला स्वयंपाकघरात नेलं, चिप्स उचलायला लावल्या, धुलाईखोलीत आणून भिंतीवर रेटलं. हातात चिप्स असल्या की भिंत वाट देत होती.

पलीकडे कालवा होता. बाक होता. बाकावर लाल केसांची एक बाई बसलेली होती. माझे केस लाल होते तेव्हा. विल्फ आपोआप तिच्या शेजारी जाऊन बसला, पुडा दोघांच्या मध्ये. खाली अक्षरं उमटली:

'हेझल, लग्न करशील माझ्याशी? तोंडाने विचारायला जमत नाही. हो असेल तर तुझ्या मशीनवर हे भगदाड तसंच ठेव. नको असेल तर लिंपून टाक. मी पुन्हा विषय काढणार नाही.'

धुनेची जागा या बाकाने खाल्ली होती.

"ही हेझल म्हणजे तुम्हीच ना?" निगेल हसत म्हणाला. "क्लबात आमच्या पैजा लागल्यात. सांगा ना, काय उत्तर दिलंत?"

"लिंपून टाकलं," मी म्हटलं. "आणि वर त्यालाच सांगितलं. मिरवून सांगितलं रे."

त्याचं हसू गेलं. हॉलमध्ये टेबलं आवरायला सुरुवात झाली होती. त्याने मशीनच्या बटणाकडे हात नेला. मी त्याचा हात धरला.

"राहू दे रे जरा," मी म्हटलं. "त्यांच्या चिप्स संपू देत."