चिकट्याची गल्ली

पेडण्याच्या बाजारातल्या गल्ल्यांना जुनी नावं परत द्यायचं ठरलं आणि ती हुडकायचं काम निवृत्त तलाठी सगुण यांच्या गळ्यात पडलं. पोर्तुगीज अमदानीतले कागद चाळता चाळता ते एका नावाशी अडकले. होणारे व्याही गोकुळदास राहतात ती गल्ली कागदावर 'चिकट्याची'. चिकटा म्हणजे गोकुळदासांचा आजा. ताक मागायला येणाऱ्याला वाटीसुद्धा घरून आणायला लावणारा कंजूष. कागद लपवायचं तलाठ्याच्या हाताला वळण नव्हतं, आणि सिद्धीचा, त्यांच्या लेकीचा, साखरपुडा तर तोंडावर आलेला.

गोकुळदासांना विचारायची छाती होईना. मग त्यांनी सगळी नावं गुरवाकरवी देवीपुढच्या गाऱ्हाण्यात, गावाच्या सामुदायिक प्रार्थनेत, घातली. गाऱ्हाण्यात दर वाक्याला लोक 'होय म्हाराजा' म्हणतात. त्यात ऐकणारे किती आणि घरच्या माशांच्या हुमणात जीव अडकलेले किती, ते देवीलाच ठाऊक. सर्वांत मोठा आवाज गोकुळदासांचा. सगुणांनी ती संमती धरली.

पाटी लागली त्याच सकाळी गोकुळदास मुलाला, गौरेशला, घेऊन दारात हजर.

"सगुणा, माझ्या आज्याक चिकटो म्हणतंस? तुझी सोयरीक नको माका!"

सगुणांनी खुर्ची पुढे केली. "मी नाय म्हणूक, बाब. कागद म्हणता. आणि देवीसमोर तुमीच सगळ्यांत मोठ्यान 'होय' म्हटलात."

गोकुळदास चपापले. कोर्टात फिरवता येईल, पण देवीपुढचा शब्द? ते खुर्चीवर टेकले. घाम पुसला.

"मगे दुसरा गाऱ्हाणा घालूया. शब्द परत घेवया, पाटी काढूया, आणि साखरपुडो करूया." आणि वर म्हणाले, "नारळ तूच आण. केळींय. तुझ्याच चुकीन झाला मां?"

सिद्धी चहा घेऊन बाहेर आली होती. तिने सरळ गौरेशला विचारलं, "तुका काय वाटता?"

गौरेशने बापाकडे पाहिलं. "पपा, एक नारळ पुरो जातलो मां?"

सिद्धी ट्रे तसाच धरून उभी राहिली. तिची नजर गौरेशवरून हळूच आपल्या बापाकडे वळली. इतके दिवस सगुणांना एकच धास्ती होती, सोयरीक मोडेल ही. आता दुसरीच उभी राहिली, ती टिकलीच तर?

"नारळाचा मागीर बघूया, बाब," ते लेकीकडे बघत म्हणाले. "आधी माका माझ्या चेडवाक विचारूंक व्हया."