भाऊचा जबडा

माणूस किती मोठा गुंड झालाय हे पोलिसांना फायलीतून कळतं, मला पेशंटांवरून कळायचं. मोडलेले जबडे बसवणं हा माझा धंदा, आणि ते मोडण्याचा मक्ता भाऊकडे. सुरुवातीला माझ्याकडे ट्रकच्या अड्ड्यावरचे हमाल यायचे. मग मुकादम यायला लागले. पुढे वाहतूकदारांचा अध्यक्षच गाल धरून आला, तेव्हा मी नर्सला म्हटलं, "अड्डा भाऊचा झाला गं." चार वर्षांनी एक नगरसेवक आला आणि जिन्यावरून पडलो म्हणाला. माझ्याकडे सगळे जिन्यावरूनच पडतात.

मग एका सकाळी खुद्द भाऊ आला. न्हाणीघरात साबणावरून घसरला होता, जबडा दोन ठिकाणी मोडलेला. हा मात्र खरंच घसरला होता. मला हसू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

"सहा आठवडे वरचे-खालचे दात तारेनं बांधून ठेवणार. पातळ खायचं, बोलणं बंद," मी सांगितलं.

भाऊ घाबरला. त्याचं सगळं राज्य तोंडी चालायचं. फोन नाही, चिठ्ठी नाही. कागद सापडतो, जीभ सापडत नाही, असं तो ऐटीत सांगायचा. त्याच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, की सत्तर माणसं हलायची. दुसऱ्या कुणी त्याच्या नावानं हुकूम सोडला, तर तो पुढच्या आठवड्यात माझ्या खुर्चीत असायचा.

मी वही-पेन पुढे केलं. त्यानं ते ढकलून दिलं. मग मी तार आवळली.

दुसऱ्या तपासणीला सोबत मेव्हणा आला, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तोवर भाऊच्या डोक्यावर छत्री धरणं एवढंच त्याचं कर्तृत्व. भाऊ दातांमागून गुरगुरायचा, बोटं नाचवायचा, आणि मेव्हणा दारातल्या माणसांना सांगायचा, "दाजी म्हणतायत, आज ट्रक सोडू नका." आधी भाऊ मान डोलवायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं रागानं माझ्या टेबलावर मूठ आपटली, तर मेव्हणा म्हणाला, "दाजी म्हणतायत, अजिबात सोडू नका." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

पाचव्या आठवड्यात मेव्हणा एकटाच आला.

"डॉक्टर, तार अजून महिनाभर राहू दे. हाड कच्चं आहे म्हणा."

"हाड कच्चं की पक्कं ते मी ठरवते. तुला ठरवायचं असेल तर ही पक्कड घे, मी खुर्चीत बसते."

"मी तुमच्याशी नीट बोलतोय."

"मग नीटच चालता हो."

मला भाऊचा पुळका नव्हता. त्यानं मोडलेली तोंडं मी विसरले नव्हते. पण माझ्या दवाखान्यात बऱ्या माणसाला आजारी म्हणणार नाही म्हणजे नाही.

ठरल्या दिवशी तार काढली. भाऊनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "उपकार झाले, बाई," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. मग उठला, कॉलर सारखी केली आणि दार उघडलं. बाहेरच्या बाकांवर त्याची आठ माणसं, मधोमध मेव्हणा.

"याला बाहेर काढा," भाऊ खणखणीत आवाजात म्हणाला.

आतल्या खोलीत नर्सलाही ऐकू गेलं. कुणी हललं नाही. त्यांतला सगळ्यात जुना, ज्यानं एके काळी भाऊबरोबर पोती उचलली होती, तो मेव्हण्याकडे वळला आणि अदबीनं विचारता झाला, "भाऊ काय म्हणतायत?"

"दमलेत," मेव्हणा म्हणाला. "घरी सोडा म्हणतायत."

आणि दोघांनी भाऊचे दंड धरले.