खंडेनवमीचा दगड

"हा दगड कुणी धुतला?" जयदीप सर एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या शेडमधला लेथवाला डोकावून गेला.

मी धावत आत गेले. दसऱ्याची सुट्टी संपवून चाकणची आमची लॅब आम्ही आत्ता कुठे उघडत होतो. टेबलावर तपासणीचा खडक होता. काळाभोर, लख्ख, अंगावर हळदीकुंकवाची बोटं आणि वर झेंडूचं फूल!

"मी धुतला की," झाडलोट करणाऱ्या कुसुमताई दारातून म्हणाल्या. "खंडेनवमीला समद्या मशिनी पुसल्या, हार घातले. ह्यो तेवढा मेणात लडबडल्याला. म्हणलं, दगडावर तर आपलं पोट हाय, आन् त्यालाच पारोसा ठेवायचा व्हय?"

गरम पाण्यानं मेण काढून, ब्रशनं घासून बाईंनी त्याला चांगली अंघोळ घातली होती. आता हसावं की रडावं!

खडक किलोमीटरभर खोलीवरून वर काढला की त्याची आतली ओल जाऊ नये, बाहेरचं पाणी लागू नये, म्हणून मेणात बुडवून पाठवतात. असे खडक आमच्याकडे वर्षभरापासूनच यायला लागले, आणि ते एरवी कपाटात कुलपात असतात; हा तेवढा सुट्टीच्या घाईत टेबलावरच राहिला होता. त्यातून हा मातीच्या कुळातला. पाणी लागलं की फुगतो. फुगलाच होता. कडेचे पापुद्रे नखानं निघत होते. बोअरमधून एवढाच अखंड तुकडा मिळालेला, आणि दुपारी तो पाठवणाऱ्या कंपनीच्या विजयश्री मॅडम चाचणी बघायला येणार.

सर माझ्याकडे वळले. "मिनल, मागच्या कामातला पास झालेला तुकडा उरलाय ना? तो लाव. दिसायला सेम टू सेम."

"सर, पण..."

"पण-बिण काही नाही. हे काम गेलं तर लॅबला कुलूप. मग तू पण घरी आणि मी पण घरी."

सर फोनवर बोलत बाहेर गेले. मी मुकाट्यानं तो दुसरा तुकडा मशीनमध्ये बसवायला घेतला. नोकरी मलाही हवीच होती.

कुसुमताई पोछा हातात धरून तिथेच उभ्या. "मिनलताई, एवढं काय असतंय वो ह्या दगडात?"

मी आधीच वैतागलेली. "कारखान्यांच्या धुराड्यातला वायू पकडून जमिनीत खोल गाडायचाय. हा खडक म्हणजे त्याच्यावरचं झाकण. झाकण घट्ट आहे की गळतंय, ते आपण बघतो."

"आन् गळलं तर?"

"वर येईल. वास नाही, रंग नाही. खोलगट जागी साचला तर माणूस गुदमरतो."

"वर गावं हायेत?"

"आहेत की."

कुसुमताईंनी पोछा भिंतीला टेकवून ठेवला. त्यांचे मालक इथल्याच एका कंपनीत टाकी साफ करायला उतरले आणि गेले, एवढं मला माहीत होतं. त्यावर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"टाकी तपासलीया, उतरा, असं साहेब म्हणला व्हता," त्या म्हणाल्या. "कुणी तपासलीच नव्हती. वास न्हवता ना कसला. वाकले ते तसंच ऱ्हायले."

हात मात्र चालूच होते माझे, आणि त्याची मला लाज वाटत होती.

दुपारी मॅडम आल्या. सर त्यांना मशीन दाखवत होते, आकडे सांगत होते. कुसुमताईंनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि तिथेच थांबल्या.

"मॅडम, ह्यो दगड तुमचा न्हाई. तुमचा मी धुऊन बसले. चुकी माझी हाय. पर ह्याच्यावर काय लिहून नेऊ नगा. तिथं वर माणसं हायेत."

सर हसायला लागले. "अहो, अडाणी बाई आहे, तिला काय कळतंय!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "खरंय का हे?"

"हो," मी म्हणाले. मशीनवरचा हात काढला आणि परत म्हणाले, "हो मॅडम. खरंय."

चहा न घेताच मॅडम गेल्या. आता पुन्हा बोअर घ्यायला महिने लागणार, आणि पुढचा खडक आमच्याकडे येईल असं कोण सांगणार? सर मला एक शब्द बोलले नाहीत. मशीन चालवणारी दुसरी कोण होती त्यांच्याकडे? संध्याकाळी कुसुमताईंना तेवढं सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

माझं डोकंच फिरलं. "मी बोलते सरांशी. हा काय न्याय झाला?"

"नगा, ताई. तुमचं पोट हाय हितं."

त्यांनी कप विसळून पालथे घातले. टेबलावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. पदर खांद्यावर घेऊन पिशवी उचलली आणि दारात थांबल्या.

"नवी बाई यील तिला पहिल्याच दिवशी सांगा, मेण काढायचं नसतंय म्हणून," त्या म्हणाल्या. "एवढी वर्सं हितं झाडलं मी. मला कुणी सांगितलंच न्हाई."