कानीनं ऐकलेला भोंगा

देवश्रीच्या वडिलांनी, दत्तोपंत अप्पांनी, लाल पेनाचं टोपण काढलं आणि तिनं पानांचा गठ्ठा त्यांच्यापुढं सरकवला.

तिच्या 'पाचजण' या चित्रकथेचं प्रत्येक पान आधी अप्पांच्या हाताखालून जायचं. नदीवरच्या बंधाऱ्याची दारं आणि तिथली नोंदवही सांभाळण्यात या माणसाचा जन्म गेलेला. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना भातातल्या खड्यासारखी लागायची. दिसली की खोडायचे आणि बाजूला सही ठोकायचे. "खाडाखोड केली की सही पाहिजे. न्हाई तर ती लबाडी," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं.

हा पाचवा अंक संध्याकाळपर्यंत पुण्याला जायचा होता. पानं हातानं काढलेली, दुसरी प्रत नव्हती. सकाळीच संपादकांचा फोन येऊन गेला होता. "बांध्या पोरांचा लाडका आहे. एक तर त्याला स्वच्छ ठेव, नाही तर सरळ खलनायक कर. मध्येच लटकवू नकोस." बांध्या म्हणजे तळहातांवर पूर थोपवणारा, पाचजणांचा म्होरक्या. देवश्रीनं त्याला नेमकं मध्येच लटकवलं होतं.

या अंकात गावात पूर शिरणार म्हणून बांध्या पाणी खाली सोडतो. आधी भोंगा, लोक वर आले की मग पाणी, असा पाचजणांचाच नियम. हा आधी पाणी सोडतो आणि भोंगा वाजवतो मागून. गाव वाचतं. नदीत उतरलेला एक शेतकरी वाहून जातो. बाकीचे तिघे म्हणतात, हे फुटलं तर उद्या आपल्या भोंग्यावर कोण विश्वास ठेवील? आणि सगळ्यांत धाकटी कानी, जिला मुंगीची पावलंही ऐकू येतात, ती चौकशीत सांगते, "भोंगा आधी वाजला. मी ऐकला."

बारा वर्षांपूर्वी नदीकाठच्या नरसी गावातल्या संतरामचं असंच झालं होतं. तो पाण्याची मोटार काढायला नदीत उतरला आणि परत आला नाही. भोंगा ऐकूनही उतरला, मोटारीच्या लोभानं मेला, असं लोक अजून बोलतात. लोकांचं काय जातं बोलायला! त्याची बायको चतुराबाई ते मान खाली घालून ऐकत आली. चौकशीचे साहेब घरी आले तेव्हा चौदा वर्षांच्या देवश्रीनं दारात उभं राहून सांगितलं होतं, "भोंगा आधी वाजला. मी ऐकला." लेकरू कशाला खोटं बोलेल, असं म्हणून साहेबांनी चहा घेतला आणि फाईल मिटली.

अप्पा पानं उलटत होते. बाविसाव्या पानावर पेन थांबलं.

"हे काय लिहून राहिली तू?"

"गोष्ट आहे, अप्पा."

"गोष्ट! आणि अख्खं गाव वाचलं, ते कोण लिहील?"

"लिहिलंय. अठराव्या पानावर."

त्यांनी मागं जाऊन अठरावं पान वाचलं. मग पुन्हा बाविसावं हातात घेतलं. कागदाची कड त्यांच्या मुठीत चुरगळू लागली. आता हे फाडणार, देवश्रीला वाटलं. फाडलं तर संतराम कायमचा लोभी ठरणार होता. न फाडलं तर अप्पांना ती कायमची गमावणार होती. दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली.

पेन कागदावर उतरलं. 'पाच मिनिटांनी भोंगा' यातलं 'पाच' खोडून त्यांनी 'अकरा' केलं. सही. बांध्याचं वाक्य होतं, 'खाली कुणी आहे हे मला माहीत नव्हतं.' ते आडवं कापून वर लिहिलं, 'पांढरा सदरा दिसला होता.' सही.

देवश्री सुन्न झाली. अप्पांना काही दिसलं नसेल, या एका गोष्टीवर तिनं बारा वर्षं त्यांना माफ केलं होतं. आता तिला त्यांचा संताप आला.

"तुम्हाला दिसला होता?"

"दिसला. बंधाऱ्याचं दार दोघांनी फिरवायचं, मी एकटा. भोंग्याकडं पळालो असतो तर दार हाती राहिलं नसतं." त्यांनी कागदाची चुरगळलेली कड सपाट केली. "असं मी स्वतःला सांगतो. खरं काय, मलाच माहीत न्हाई."

मग ते कानीच्या चित्राकडं वळले. तिच्या डोक्यावरच्या ढगात लिहिलं होतं, 'मला कुणीच सांगितलं नाही. माझं मीच ठरवलं.'

"हे खोटं आहे."

"राहू द्या ते, अप्पा."

"काहून राहू दे? चौदा वर्षांच्या लेकराच्या माथी मारू?" त्यांनी ते खोडलं. अक्षर नोंदवहीतल्यासारखं सरळ आलं. 'बांध्यानंच शिकवलं, असं बोल म्हणून.' बाजूला या खेपेला पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली.

देवश्रीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "सह्या पुसून पाठवते," ती कशीबशी म्हणाली.

"पुसायच्या न्हाईत." त्यांनी पान उचललं आणि पायांत चपला सरकवल्या. "आधी चतुराबाईकडं जाऊन येतो. तिला वाचता येत न्हाई. मला वाचून दाखवावं लागंल."

ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच थबकले. चौकट धरून उभे राहिले.

देवश्रीनं डोळे पुसले आणि त्यांच्या हातातून पान घेतलं.

"चला. कानीचं मी वाचते."